सूर्यास्ताची मागणी : मुंबईच्या इमारतींतील उजेडाचा इतिहास

स्वातंत्र्यदिन जवळ आला की बोरीबंदरचे स्टेशन आणि समोरची महानगरपालिकेची इमारत तिरंगी प्रकाशात उजळतात. लोक पदपथावर थांबून फोटो काढतात. इमारत आणि उजेड हे दोन शब्द एकत्र आले की आज आपल्या डोळ्यांपुढे अशीच रोषणाई येते. बाहेरून पाहायची, अंगावर घातलेल्या दागिन्यासारखी. मला या लेखात इमारतीच्या आतल्या उजेडाबद्दल लिहायचे आहे. बाजार, गिरणी, चित्रपटगृह, कचेरी या चार लोकांच्या राबत्याच्या जागा. त्या किती वाजता बंद होणार, हे कोण ठरवते? दीडशे वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर सोपे होते : सूर्य. पुढे दिवा आला आणि तो अधिकार सूर्याकडून निघून दिव्याच्या मालकाकडे गेला. या हस्तांतराविषयीचे भांडण मुंबईत फार लवकर आणि फार स्पष्ट शब्दांत झाले. त्याची नोंद वास्तुरचनेच्या इतिहासात क्वचितच सापडते. ती सापडते कामगारांच्या अर्जात आणि कारखान्यांच्या कायद्यात.

तेल आणि गॅस

तेलाच्या दिव्यात इमारतीचा आकार बदलण्याची ताकद नव्हती. समई देवाचा चेहरा दाखवते, पणती उंबरठा दाखवते, हंड्या-झुंबरे दिवाणखान्यात चार लोकांची बैठक सांभाळतात. शंभर माणसे एका दालनात हाताने बारीक काम करत आहेत आणि त्या सगळ्यांना दिसते आहे, असे तेलाच्या उजेडात होत नव्हते. म्हणून बांधणारा आधी सूर्याचा विचार करी. वाड्याला चौक, घराला पडवी, मोठ्या इमारतीला उंच खिडक्या आणि व्हरांडे, ही सगळी प्रकाशयोजनाच होती. फक्त तिला कुणी ते नाव दिलेले नव्हते.

मुंबईत गॅसचा दिवा आधी लागला तो एका खासगी बंगल्यात. जहाजबांधणीतल्या प्रसिद्ध वाडिया घराण्यातले अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांनी १८३४ च्या सुमारास माझगावातले आपले घर आणि बाग गॅसने उजळली. ती पाहायला गव्हर्नर लॉर्ड क्लेअर स्वतः आले होते. हेच अर्देशीर पुढे १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले. शहराच्या रस्त्यांवर गॅस यायला मात्र तीस वर्षे लागली. ऑक्टोबर १८६५ मध्ये एस्प्लनेड, चर्चगेट स्ट्रीट आणि भेंडीबाजार इथे गॅसचे दिवे लागले, तेव्हा दिवे लावणाऱ्या माणसाच्या मागे एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत लोकांची गर्दी चालत होती.

रस्त्यावर गॅस शोभला, पण इमारतीच्या आत तो सोपा नव्हता. ज्योत उघडी असते, ती दालनातली हवा खाते, छत काळे करते आणि उकाडा वाढवते. जिथे कापड, लाकूड आणि गर्दी एकत्र असते तिथे ती जिवावरही उठते. ८ डिसेंबर १८८१ रोजी व्हिएन्नाच्या रिंग थिएटरात गॅसच्या दिव्यांमुळे आग लागली आणि शेकडो प्रेक्षक गेले. त्याच महिन्यात लंडनच्या सॅव्हॉय थिएटरचा रंगमंचही विजेच्या दिव्यांनी उजळला. प्रेक्षागृहात ते आधीच लागले होते. जोसेफ स्वान यांच्या सुमारे १,२०० दिव्यांनी संपूर्ण उजळलेली ती जगातली पहिली सार्वजनिक इमारत मानली जाते. बंद काचेत कोंडलेला, धूर न करणारा दिवा आता इमारतीच्या आत यायला तयार होता.

बाजारातला प्रयोग

मुंबई यात मागे नव्हती. १८८२ हे विजेच्या इतिहासातले मोठे वर्ष. जानेवारीत लंडनच्या हॉलबर्न व्हायाडक्ट इथे आणि सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनची वीजकेंद्रे सुरू झाली. त्याच वर्षी मुंबई महापालिकेने ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी करार करून क्रॉफर्ड मार्केट आणि काही रस्त्यांवर विजेचे दिवे आणले.

जागा विचार करून निवडलेली दिसते. १८६९ मध्ये पूर्ण झालेले हे मार्केट विल्यम एमर्सन यांच्या आराखड्याचे. दर्शनी भागावर लॉकवुड किपलिंग यांनी घडवलेली शेतकऱ्यांची शिल्पे, आत लोखंडी खांबांवर पेललेले उंच छप्पर आणि वरून झिरपणारा दिवसाचा उजेड. फळांचा रंग आणि भाजीचा ताजेपणा उन्हात नव्हे, पण उजेडात पारखता यावा, अशी ही रचना. अंधार पडला की मात्र तिचा उपयोग संपत असे.

हा प्रयोग वर्षभरच टिकला. पुढच्या वर्षी कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि बाजारात पुन्हा गॅस आला. त्या काळातल्या अशा प्रयोगांची एक अडचण समजून घेण्यासारखी आहे. शहरभर वीज पुरवणारे केंद्र नसेल तर एका इमारतीसाठी वेगळे इंजिन आणि वेगळे जनित्र चालवावे लागते. बाजाराला दिवा हवा संध्याकाळचे काही तास. बाकीचा दिवस हे सगळे यंत्र पडून राहणार आणि भांडवलावरचे व्याज मात्र चालू राहणार.

मुंबईत एक प्रकारची इमारत अशी होती, जिथे वाफेचे मोठे इंजिन आधीच दिवसभर फिरत होते. त्याच्या दांड्यावरून आणखी एक पट्टा जनित्राकडे नेला की वीज मिळत होती. ती इमारत म्हणजे कापडगिरणी. विजेने मुंबईत खरे मूळ धरले ते तिथे.

छपरातून येणारा दिवस

कावसजी नानाभाई दावर यांची पहिली गिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. त्यानंतरच्या अर्ध्या शतकात परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांची घडण लँकेशायरहून आलेली होती आणि ती उजेडाच्या गणिताने बांधलेली होती. सूतकताई मजल्यांवर चाले, म्हणून त्या इमारती लांबलचक आणि दोन्ही अंगांना खिडक्यांच्या ओळी. विणकाम तळमजल्यावरच्या पसरट शेडमध्ये चाले. तिथे मधल्या मागापर्यंत बाजूच्या खिडकीचा उजेड पोचत नाही, म्हणून छप्पर करवतीच्या दात्यांसारखे. प्रत्येक दात्याची उतरती बाजू बंद आणि उभी बाजू काचेची, उत्तरेकडे तोंड केलेली. उत्तरेच्या आकाशातून येणारा उजेड थंड आणि सारखा असतो. त्याला सावली नसते, डोळ्यांवर तिरीप येत नाही. तुटलेला धागा शोधून जोडायला असाच उजेड लागतो.

या छपराची मुंबईतली एक गंमत आहे. मँचेस्टर साडेत्रेपन्न अक्षांशावर आहे. तिथे दुपारचा सूर्य कधीच उत्तरेला जात नाही. मुंबई एकोणीस अक्षांशावर. आपल्याकडे हल्ली शून्य सावलीचा दिवस उत्साहाने पाळला जातो. तो मुंबईत मेच्या मध्याला येतो आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्यावरून ओलांडून उत्तरेकडे गेलेला असतो. म्हणजे ज्या काचेतून ऊन कधीच येऊ नये म्हणून तिचे तोंड उत्तरेला केले, तिच्यावर मुंबईत मे महिन्याच्या अखेरीस, ऐन उकाड्यात, ऊन पडू शकते. मग पाऊस येतो आणि आभाळ भरून सगळाच उजेड मंदावतो. परदेशातून यंत्र आणता येते, छपराचा नकाशा आणता येतो. आभाळ इथलेच असते.

तरीही या इमारतीत एक गोष्ट कामगाराच्या बाजूची होती. ती सूर्यावर चालत होती. उजाडल्याशिवाय काम सुरू होत नसे आणि मावळल्यावर थांबावे लागे. मुंबईत हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा, उन्हाळ्यातला सर्वांत मोठा सव्वातेरा तासांच्या आसपास. कामाचा दिवस लांबच होता, पण त्याला निसर्गाने घातलेले कुंपण होते.

लोखंड्यांचा अर्ज

सप्टेंबर १८८४. सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला होता. त्याच्यापुढे आपले म्हणणे मांडावे म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरवली. लोखंडे हे जोतीराव फुले यांचे सहकारी, सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक आणि काही काळ स्वतः गिरणीत स्टोअरकीपर राहिलेले. सभेत ठरलेल्या मागण्यांच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. आठवड्याला रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर दुखापत झालेल्यास पगार. आणि आणखी एक : काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे.

या अर्जाबद्दल लिहिताना बहुतेक जण रविवारच्या सुटीवर थांबतात. ती मिळाली, १० जून १८९० पासून, म्हणून ते साहजिकही आहे. मला सूर्यास्ताची मागणी जास्त विचार करायला लावते. सुरुवात घड्याळाने आणि शेवट सूर्याने, असे का? त्या काळच्या मुंबईच्या स्थानिक वेळेप्रमाणे पंचांग उघडून पाहिले तर उलगडा होतो. तेव्हा वर्षातला सर्वांत उशिराचा सूर्योदय, जानेवारीतला, साडेसहाच्या आसपास होत असे. म्हणजे साडेसहा ही अशी वेळ होती की वर्षात जवळपास कोणत्याही दिवशी कामगाराला अंधारात मागावर उभे राहावे लागू नये. संध्याकाळी मात्र घड्याळावर भरवसा नको. घड्याळ मालकाचे असते. सूर्य मावळताना सगळ्यांना दिसतो. ही मागणी मान्य झाली असती तर हिवाळ्यात दिवस सुमारे अकरा तासांचा आणि भर उन्हाळ्यात बारा तासांच्या थोडा वर गेला असता. ज्यांच्याजवळ घड्याळ नव्हते त्यांनी सर्वांना तपासता येईल असे माप मागितले होते.

ही मागणी त्या वेळी धाडसी वाटण्यासारखी नव्हती. उजेड जाताच काम थांबवणे गिरणीला भागच होते. दिवा आल्यावर मात्र तिचा अर्थ पालटला.

१९०५

विजेचे दिवे गिरण्यांत एकेक करून येत होतेच. १९०५ च्या सुमारास ते मोठ्या प्रमाणावर दिसू लागले. ते सुताच्या तेजीचे दिवस होते. जितके निघेल तितके विकले जात होते. त्याच वर्षी बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, म्हणजे पुढची बेस्ट, स्थापन झाली आणि नोव्हेंबरमध्ये वाडीबंदरला ४,३०० किलोवॉटचे वीजकेंद्र सुरू झाले. पण गिरण्या त्यावर अवलंबून नव्हत्या; त्यांची स्वतःची जनित्रे होती. दिवे लागलेल्या गिरण्या पहाटेच्या काळोखात सुरू होऊन रात्री बंद होऊ लागल्या. पंधरा तासांचा दिवस ही गोष्ट ऐकिवातली राहिली नाही. कामगारांनी विरोध केला आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’सारख्या इंग्रजी वर्तमानपत्रानेही या तासांविरुद्ध मोहीम उघडली.

इमारत तीच होती. उत्तरेकडची काच जागच्या जागी होती, दात्यांचे छप्पर तसेच होते. फक्त छतावरून तारेने काही काचेचे गोळे खाली आले होते. कुठलीही भिंत न पाडता इमारतीचा अर्थ बदलण्याचे इतके लख्ख उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

पुढच्याच जानेवारीत, १९०६ मध्ये, सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे. हजारो गिरणी कामगारांनी काम नाकारले, गिरण्यांवर दगड टाकले. वरवर पाहता हे घड्याळाचे भांडण. काहींनी त्यात परक्या सत्तेचा विरोध पाहिला आणि तोही होताच. पण नव्या घड्याळाने पहाटे साडेपाचचा भोंगा जुन्या वेळेच्या पाचलाही नऊ मिनिटे कमी असताना वाजणार होता. गिरणीत दिवा नसता तर या फरकाला अर्थ उरला नसता, कारण काम उजाडल्यावरच सुरू झाले असते. दिवा होता म्हणून ३९ मिनिटे थेट झोपेतून कापली जाणार होती. मुंबईकरांनी आपली जुनी वेळ सोडायला नकार दिला आणि महापालिका १९५५ पर्यंत ‘मुंबई टाइम’ पाळत राहिली.

तासांच्या प्रश्नावर १९०६ मध्ये फ्रीअर-स्मिथ समिती आणि १९०७ मध्ये मॉरिसन आयोग नेमला गेला. आयोगाने जादा तासांचे गैरप्रकार मान्य केले, पण प्रौढ पुरुषांच्या कामावर थेट मर्यादा नको असे बहुमताने म्हटले. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्नमतपत्रिका जोडून थेट मर्यादेचा आग्रह धरला. अखेर १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत प्रौढ पुरुषांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा आली आणि मंजूर पाळ्या सोडल्या तर पहाटे साडेपाचच्या आधी व संध्याकाळी सातनंतर काम बंद झाले. साडेपाच ते सात. थोडक्यात, कायद्याने कागदावर एक कृत्रिम सूर्योदय आणि एक कृत्रिम सूर्यास्त लिहून दिला. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगने गेले होते.

खोपोलीचे पाणी

१९१५ मध्ये टाटांच्या खोपोली केंद्रातून सह्याद्रीच्या पावसाची वीज मुंबईला आली. तिचे मोठे गिऱ्हाईक गिरण्याच होत्या. घाटावर अडवलेले पाणी आणि परळमधला दिवा यांचे नाते इथून जुळले आणि त्याचे मोल दुसऱ्याच कुणीतरी दिले. पुढच्या योजनेत मुळशीचे धरण आले. १९२१ मध्ये मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. भाताची खाचरे, देवळे, गावे पाण्याखाली गेली. इमारतीतल्या उजेडाचा हिशेब इमारतीच्या दारापाशी संपत नाही, हे महाराष्ट्राला तेव्हाच कळायला हरकत नव्हती.

सूर्य रंगवलेले छत

गिरणीतला दिवा सक्तीचा होता. शहरात विजेचा दुसरा उजेडही वाढत होता, आणि त्याच्याकडे लोक खुशीने, तिकीट काढून जात होते. ऑक्टोबर १९३३ मध्ये कुलाब्याच्या तोंडाशी रीगल चित्रपटगृह उघडले. वास्तुरचनाकार चार्ल्स स्टीव्हन्स; बोरीबंदर स्टेशन उभारणाऱ्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे चिरंजीव. वडिलांच्या इमारतीत उंच खिडक्या आणि रंगीत काचा. मुलाच्या इमारतीत प्रेक्षागृहाला खिडकीच नको. चित्रपटाला अंधार लागतो आणि वातानुकूलनाला बंद भिंत. आतली सजावट कार्ल शारा या चेक कलावंताची होती. त्याने प्रेक्षागृहासाठी कोणता विषय निवडला? सूर्यकिरण. फिकट नारिंगी आणि हिरव्या रंगांत पसरलेले. खरा सूर्य बाहेर ठेवून त्याचे चित्र आत लावणारी ही मुंबईतली ठळक इमारत.

१९४९ च्या लिबर्टी चित्रपटगृहात ही कला आणखी पिकली. तिथली अंतर्गत सजावट वामन नामजोशी यांची. गोठलेल्या कारंज्यासारखे आकार आणि त्यांच्या आड दडवलेले दिवे. दिवा दिसू नये, फक्त त्याचा उजेड भिंतीवरून ओघळावा, हे तंत्र आज प्रत्येक हॉटेलात आहे. खेळाआधी उजेड हळूहळू मंदावतो आणि आठशे-हजार माणसे एकदम गप्प होतात, ही त्या काळातली नवी सामुदायिक सवय होती.

गिरणगावातला माणूसही हे अनुभवत होता. १९३० च्या दशकात गिरण्यांत रात्रपाळी रुळली. पाळी संपवून लालबागच्या भारतमातेत मराठी चित्रपट पाहायला बसलेल्या माणसाने दिवस कुठे पाहिला असेल? एक दिवा त्याच्याकडून तास घेत होता, दुसरा त्याला त्यातले दोन-तीन परत देत होता, पैसे घेऊन.

काच पुसण्याचा कायदा

१९४८ च्या कारखाना कायद्याचे सतरावे कलम मला या सगळ्या इतिहासाचे सार वाटते. कामाच्या जागी नैसर्गिक, कृत्रिम किंवा दोन्ही प्रकारचा पुरेसा आणि योग्य उजेड हवा. डोळे दिपू नयेत, अपघात होईल किंवा डोळ्यांवर ताण येईल अशा सावल्या नकोत. आणि उजेडासाठी असलेल्या खिडक्या व छपरातल्या काचा आतून-बाहेरून स्वच्छ ठेवल्या पाहिजेत. कायद्याने काच पुसायला सांगावे, यात मला मोठे शहाणपण दिसते. दिवा आला म्हणून आभाळाला विसरू नका, असे ते कलम सांगते. त्याच कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा घातली.

पण तोवर ट्यूबलाइट आली होती. १९३८ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेली ही नळी कमी उष्णता देते आणि पसरट, सावली नसलेला उजेड पाडते. उत्तरेच्या काचेतून मिळणारा गुण आता विजेच्या नळीतून मिळू लागला. तिला वातानुकूलनाची जोड मिळाली आणि खिडकीपासून कितीही आत टेबले मांडता येऊ लागली. कचेऱ्या खोल होत गेल्या. इमारतीच्या मध्यभागी बसणाऱ्या माणसाला पाऊस पडून गेल्याचे घरी निघताना कळू लागले.

गिरणीच्या आवारात

जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि त्यानंतर गिरणगाव पहिल्यासारखे राहिले नाही. १९०५ मध्ये, त्याच दिव्यांच्या वर्षी, स्थापन झालेल्या फिनिक्स मिलच्या जागेवर आज मॉल आहे. चिमणी आठवणीला ठेवली आहे. जुन्या शेडची दात्यांची छपरे जिथे उरली तिथे त्यांचे कौतुक होते, त्यांच्याखाली उपाहारगृहे आणि कचेऱ्या चालतात. मॉलमधला उजेड मात्र कोणत्याही आभाळाचा नाही. सकाळी अकराला आणि रात्री नऊला तो सारखाच असतो. गिऱ्हाइकाला वेळेचे भान राहू नये, हा त्या रचनेचा हेतूच आहे. गिऱ्हाईक दोन तासांनी निघून जाते. काउंटरमागे उभी असलेली मुलगी त्याच उजेडात पूर्ण पाळी काढते.

२०१७ च्या राज्य कायद्याने दुकाने आणि आस्थापना अहोरात्र उघडी ठेवण्याची वाट मोकळी झाली. जानेवारी २०२० मध्ये मंत्रिमंडळाने मुंबईतल्या निवासी वस्ती नसलेल्या भागांतले मॉल आणि गिरण्यांची आवारे रात्रभर चालू ठेवायला संमती दिली. गिरण्यांची आवारे, हा शब्द त्या निर्णयात होता. रात्री फिरणाऱ्या तरुणांना त्यातून मोकळीक मिळते, रोजगार वाढतो, हे खरे आहे. रात्र फक्त घाबरण्याची वेळ नसावी, उजळलेल्या शहरात बायकांनाही निर्धास्त वावरता यावे, हेही दिव्याचेच देणे आहे. मी अंधाराची तरफदारी करत नाही. प्रश्न एवढाच आहे की दिवा चालू ठेवणाऱ्याने तो किती वेळ ठेवायचा, हे त्याच्याखाली उभ्या असणाऱ्याला विचारले जाते का.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाच्या दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम आहेत आणि जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती हवी, असे सांगितले गेले. बारा हा आकडा १९११ च्या कायद्यातला आहे. १८८४ च्या अर्जात आकडा नव्हताच. सुपारीबागेत सह्या आणि अंगठे उमटवणाऱ्या साडेपाच हजार माणसांनी मावळतीनंतरचा वेळ आपल्यासाठी मागितला होता आणि त्या वेळाचे काय करणार, हे सांगण्याची त्यांना गरज वाटली नव्हती.